प्रत्यक्ष संवाद आणि परिधेय साधने : प्रस्तावना

अंगावर वागवता येणाऱ्या आणि अंगावर असतानाच काम करणाऱ्या संगणकीय साधनांना परिधेय तंत्रज्ञान म्हटले जाते. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, कानातले श्रवणयंत्र, भिंगात पडदा बसवलेला चष्मा, कपड्यात शिवलेले संवेदक या सर्वांचा त्यात समावेश होतो. प्रस्तुत ग्रंथ त्यांपैकी एका मर्यादित पण झपाट्याने वाढणाऱ्या वर्गाचा विचार करतो, आणि तो वर्ग म्हणजे दोन माणसे समोरासमोर बोलत असताना त्यांपैकी एकाला, बोलणे चालू असतानाच, माहिती पुरवणारी साधने. ही माहिती समोरच्या व्यक्तीचे नाव असू शकते, मागच्या भेटीत ठरलेली तारीख असू शकते, परक्या भाषेतल्या वाक्याचे भाषांतर असू शकते किंवा ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी चाललेल्या बोलण्याचे लिखित रूप असू शकते. माहिती किती वेगाने, किती अचूकपणे आणि किती लहान यंत्रातून पुरवता येईल, या प्रश्नांवर गेल्या काही दशकांत पुष्कळ काम झाले आहे. या ग्रंथाचे प्रतिपादन त्याच्या पुढच्या पायरीचे आहे. संवाद ही दोघांनी मिळून केलेली कृती असल्यामुळे साधन एकाने घातले तरी त्याचा परिणाम दोघांवर होतो, आणि म्हणून ज्याने ते घातलेले नाही त्यालाही त्या साधनाचा वापरकर्ता मानूनच त्याची रचना झाली पाहिजे.

संवादाच्या वेळी कोणीतरी कानात माहिती सांगावी ही गरज संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. प्राचीन रोममध्ये निवडणुकीच्या प्रचाराला निघालेले उमेदवार ‘नॉमेनक्लेटर’ नावाचा सेवक बरोबर ठेवत असत, आणि रस्त्यात भेटणाऱ्या नागरिकाचे नाव मालकाला हळूच सांगणे हे त्याचे काम असे. इ. स. पू. ६३ मध्ये मुरेना या आरोपीच्या बचावाचे भाषण करताना रोमन वक्ता सिसेरोने फिर्यादी पक्षातल्या केटोला याच प्रथेवरून टोकले होते. ज्याला नाव आठवत नाही त्याने ते आठवत असल्याचा आव आणून मते मागणे प्रामाणिकपणाला धरून आहे काय, असा त्या टोकण्याचा रोख होता. म्हणजे परिधेय साधनांविषयी आज विचारला जाणारा नैतिक प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता. फरक एवढाच की तो सेवक शेजारी उभा असलेला सर्वांना दिसत होता. भारतीय दरबारांत आगंतुकाचे नाव आणि हुद्दा मोठ्याने पुकारणारे चोपदार किंवा दोन पक्षांच्या मध्ये बसणारे दुभाषी यांच्याबाबतीतही माहिती कोण पुरवतो आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. मदतनीस दिसेनासा होणे ही या इतिहासातील खरी नवी घटना आहे, आणि रचनेचे बहुतेक अवघड प्रश्न तिच्यातूनच निर्माण झाले आहेत.

आधुनिक परंपरेचा आरंभ बहुधा १९६१ पासून मानला जातो. एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे सिगारेटच्या पाकिटाएवढे एक यंत्र तयार केले. बुटात लपवलेली कळ पायाच्या अंगठ्याने दाबून रूलेट या जुगाराच्या चक्राचा वेग त्याला कळवला जाई, आणि चेंडू चक्राच्या कोणत्या भागात थांबण्याचा संभव आहे ते कानातल्या सुराने खेळणाऱ्याला समजे. लास व्हेगासमध्ये प्रत्यक्ष चाचणी घेताना कानापर्यंत नेलेली केसासारखी बारीक तार वारंवार तुटत असल्याने त्याचा मोठा उपयोग झाला नाही, तरी परिधेय संगणकाचे पहिले उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. समोर बसलेल्यांना न कळता माहिती मिळवणे हाच त्या यंत्राचा हेतू होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नेव्हाडा राज्याने १९८५ मध्ये जुगाराच्या मेजावर अशी साधने वापरणे कायद्याने गुन्हा ठरवले, कारण एकाकडेच असलेली गुप्त मदत खेळाचा करार मोडते हे तेथे स्पष्ट होते. रोजच्या संभाषणालाही असाच एक अलिखित करार असतो, पण त्याचे नियम लिहिलेले नसल्यामुळे तो मोडल्याचे उशिरा लक्षात येते.

यानंतरच्या टप्प्यात साधन डोळ्यांपुढे आले. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर धारण करण्याचा पडदा दाखवला, परंतु तो इतका जड होता की छताला टांगूनच वापरावा लागे. स्टीव्ह मान यांनी १९८० च्या दशकापासून, तर थॅड स्टार्नर यांनी १९९३ पासून परिधेय संगणक रोजच्या आयुष्यात वापरायला सुरुवात केली. स्टार्नर यांच्या सुरुवातीच्या संचात ‘प्रायव्हेट आय’ नावाचा लाल अक्षरांचा लहानसा पडदा आणि एका हाताने टंकन करता येणारा ‘ट्विडलर’ हा कळफलक यांचा समावेश होता. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ब्रॅडली ऱ्होड्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘रिमेम्ब्रन्स एजंट’ ही प्रणाली विकसित केली. वापरणारा जे लिहीत किंवा वाचत असेल, जेथे असेल आणि ज्याच्याशी बोलत असेल, त्याच्याशी संबंधित अशा त्याच्याच जुन्या टिपणांच्या एकेका ओळीच्या सूचना ती पडद्याच्या तळाशी सतत दाखवत राही. या प्रणालीत एक मूलभूत रचनातत्त्व होते. मागितल्यावर उत्तर देणाऱ्या यंत्रापेक्षा ती वेगळी होती, कारण ती न मागता सुचवत असे आणि दुर्लक्ष झाले तरी काही बिघडणार नाही अशा बेताने सुचवत असे.

हेच तत्त्व अधिक पुढे नेणारा प्रयोग जॉर्जिया टेकमधील केंट लायन्स, स्टार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला आणि त्याला ‘द्विहेतू भाषण’ असे म्हणता येईल. एकच वाक्य समोरच्या माणसाशी बोलण्याचेही काम करते आणि यंत्राला आज्ञा देण्याचेही, अशी ती कल्पना आहे. भेटीची वेळ ठरवताना एखादा माणूस “म्हणजे येत्या गुरुवारी, दुपारी चारला” असे मोठ्याने म्हणतो, तेव्हा समोरच्याला खात्री पटते आणि त्याच क्षणी यंत्र त्या गुरुवारचे पान उघडते. भाषेचे मानसशास्त्र अभ्यासणारे हर्बर्ट क्लार्क यांनी संवादातल्या दोघांना समान समज तयार करत राहावी लागते, आणि त्यासाठी ऐकलेले उच्चारून दाखवणे हा एक मार्ग असतो, हे विस्ताराने दाखवले होते. म्हणजे यंत्रासाठी केलेली कृती येथे समोरच्यासाठीही उपकारक ठरते. शिवाय या प्रणालीत आजूबाजूचा आवाज वगळणारा ध्वनिग्राहक वापरून केवळ धारण करणाऱ्याचाच आवाज यंत्रापर्यंत पोहोचवण्याची दक्षता घेतली होती. समोरच्याचा विचार रचनेच्या मुळाशी ठेवला तर साधन अधिक गुंतागुंतीचे होण्याऐवजी अधिक सुबक होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याच परंपरेतला एक दुवा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिक्षण घेतलेल्या प्रणव मिस्त्री यांनी मीडिया लॅबमध्ये पॅटी मेस यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सिक्स्थ सेन्स’ हे साधन घडवले आणि २००९ मध्ये ते जगापुढे आले. गळ्यात अडकवलेला कॅमेरा आणि खिशात मावणारा प्रक्षेपक यांच्या साहाय्याने माहिती भिंतीवर, कागदावर किंवा तळहातावर उमटवता येत असे, आणि समोर भेटलेल्या माणसाशी निगडित शब्द त्याच्याच सदऱ्यावर उमटवण्याचे प्रात्यक्षिकही त्यात होते. या प्रात्यक्षिकाने अनेकांना अस्वस्थ केले असले तरी त्यात एक दुर्मीळ गुण होता. माहिती दोघांच्या मध्ये, दोघांना दिसेल अशा ठिकाणी होती. त्यानंतर आलेल्या चष्म्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. गूगलने २०१२ मध्ये जाहीर केलेला आणि २०१३ मध्ये निवडक लोकांना १,५०० डॉलरला दिलेला ‘गूगल ग्लास’ उजव्या डोळ्याच्या किंचित वर एक छोटा पडदा धरत असे, ज्यामुळे समोरच्याकडे पाहणे अडत नसे, पण तो पडदा वाचायला नजर वर न्यावी लागे. धारण करणारा वाचतो आहे, छायाचित्र काढतो आहे की नुसता विचार करतो आहे, हे समोरच्याला ओळखता येत नसे. काही उपाहारगृहांनी त्याला मज्जाव केला, जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली, आणि उद्योगांसाठी काढलेली आवृत्तीही मार्च २०२३ मध्ये बंद झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मेटा कंपनीने उजव्या भिंगात पडदा असलेला आणि मनगटाच्या स्नायूंतील विद्युतसंकेत वाचणाऱ्या पट्ट्याने चालवता येणारा चष्मा आणला, तेव्हा हा सगळा प्रश्न पुन्हा, आणि आता सर्वसामान्य ग्राहकाच्या पातळीवर, उभा राहिला.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी संभाषण कसे चालते याचे ज्ञान आवश्यक आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याला सूक्ष्म नियम असतात आणि लोक ते न शिकवता पाळतात. २००९ मध्ये दहा भाषांच्या तुलनेतून असे आढळले की एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांतील अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, इतकेच असते. याउलट साधा एक शब्द मनात जुळवून उच्चारायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ ऐकणारा समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच त्याचा शेवट ओळखतो आणि आपले उत्तर तयार करू लागतो. या घट्ट विणीत पडद्यावरची एक ओळ वाचण्यासाठी अर्धा सेकंद घेतला तरी समोरच्याला थांबल्यासारखे जाणवते, आणि संवादात थांबण्याला अर्थ असतो. उशिरा आलेला होकार हा अनेकदा नकाराची चाहूल मानला जातो. म्हणून यंत्राचा विलंब केवळ गैरसोय राहत नाही, तो धारण करणाऱ्याच्या तोंडी न बोललेले काहीतरी घालतो.

नजरेचेही असेच आहे. ॲडम केंडन यांनी १९६७ मध्ये दाखवले की बोलणारा आपले लांब वाक्य सुरू करताना बहुधा नजर दुसरीकडे वळवतो आणि वाक्य संपत आले की ती पुन्हा ऐकणाऱ्याकडे आणतो, आणि त्या परत येण्यातूनच पाळी सोपवली जाते. या निरीक्षणातून रचनाकाराला थेट मार्गदर्शन मिळते. धारण करणारा स्वतः बोलायला सुरुवात करतो त्या क्षणी त्याची नजर तशीही हटणारच असते, तेव्हा दिलेली माहिती संवादाला कमी बाधते. समोरचा माणूस वाक्याच्या शेवटाकडे येऊन नजर मिळवू पाहतो, त्या क्षणी दिलेली माहिती अवहेलनेसारखी भासते. योग्य माहिती अयोग्य क्षणी आली तर ती अयोग्यच ठरते.

माहिती पोहोचवण्याचे तीन मार्ग उपलब्ध आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा शरीराने ठरवलेली आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलावरचा अत्यंत स्पष्ट दिसणारा भाग दृष्टिक्षेत्राच्या साधारण दोन अंशांपुरताच असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, आणि त्यामुळे समोरच्याचे डोळे आणि पडद्यावरची अक्षरे एकाच वेळी स्पष्ट पाहणे शक्य नसते. कान हा दुसरा मार्ग आहे, पण तो संवादाने आधीच व्यापलेला असतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ च्या प्रयोगांत दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवली, तेव्हा एका भाषणाकडे लक्ष देणाऱ्यांना दुसऱ्याची भाषा मध्येच बदलल्याचेही समजले नाही. कानात माहिती ऐकणारा माणूस त्या सेकंदापुरता समोरच्याचे बोलणे गमावतो, हे यातून मान्य करावे लागते. त्वचा हा तिसरा मार्ग आहे. सेकंदाला २५० च्या आसपास आंदोलने असलेले कंपन त्वचेला सर्वांत चांगले जाणवते, ते डोळ्यांना आणि कानांना मोकळे ठेवते, पण त्यातून ‘वेळ झाली’, ‘सावकाश बोला’ यांसारखे मोजकेच संकेत देता येतात. संवादाच्या बहुतेक प्रसंगी मोजकेच संकेत पुरेसे असतात, आणि जेथे ते पुरेसे नसतात तेथेच डोळ्याचा मार्ग वापरावा, असे या ग्रंथाचे मत आहे.

माहितीच्या स्वरूपानुसार नैतिक वजनही बदलते. विषयाविषयीची माहिती, जसे औषधाची मात्रा किंवा ठरलेली तारीख, संवादाला पूरक असते. संवादाचेच दुसरे रूप असलेली माहिती, म्हणजे बोलण्याचे कॅप्शन किंवा भाषांतर, अनेकांसाठी संवादात प्रवेश मिळण्याची अट असते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेने श्रवणदोष असलेल्यांसाठी जे कार्य केले, त्याच कार्याला डोळ्यांपुढे अक्षरे आणणारा चष्मा नवे बळ देऊ शकतो, आणि या क्षेत्रातील सर्वांत निःसंदिग्ध उपयोग हाच आहे. तिसरा प्रकार समोरच्या व्यक्तीविषयीच्या माहितीचा, म्हणजे तिची ओळख, तिचा पूर्वेतिहास, तिच्या चेहऱ्यावरून काढलेले भावनांचे अनुमान यांचा, आणि येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी स्वमग्न मुलांना समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखण्याचा सराव देणारा चष्मा तयार केला आणि ७१ मुलांवरील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. ते सामाजिक वर्तनात सुधारणा दाखवणारे होते, आणि ही साधने घरच्या माणसांच्या संमतीने व शिकण्याच्या हेतूने वापरली गेली होती. त्याच वर्षी लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विस्तृत आढाव्यात मात्र चेहऱ्याच्या हालचालींवरून मनातील भावना विश्वासार्हपणे सांगता येत नाही असे दाखवले, आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे सोडून, मनाई केली.

कायदा येथे रचनाकाराची जबाबदारी पूर्णपणे उचलू शकत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. परंतु व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या वापराला तो कायदा लागू होत नाही. एका माणसाने चष्मा घालून दुसऱ्याशी गप्पा मारणे याहून अधिक वैयक्तिक प्रसंग कोणता असेल? २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा चष्मा आणि चेहरा ओळखणाऱ्या उपलब्ध सेवा एकत्र जोडून अनोळखी माणसाची माहिती क्षणात मिळवता येते हे धोक्याची सूचना म्हणून दाखवून दिले. अशा ठिकाणी साधन काय करू शकते यापेक्षा काय करणार नाही हे त्याच्या रचनेतच ठरवावे लागते. नोंद चालू असल्याचा न झाकता येणारा दिवा, समोरच्याचा आवाज साठवू न देणारी मांडणी, आणि फक्त आधी परस्पर संमतीने ओळख नोंदवलेल्या माणसांचीच नावे आठवून देणारी प्रणाली, ही अशी ठरवण्याची उदाहरणे आहेत.

मराठीत वापरायच्या साधनांना आणखी काही प्रश्न सोडवावे लागतात आणि ते भाषेच्या रचनेतूनच येतात. मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतात. “मी उद्या तुमच्याकडे पैसे घेऊन येणार” येथपर्यंत ऐकून भाषांतर दाखवणारे यंत्र पुढच्या ‘नाही’ने पूर्णपणे खोटे ठरते, आणि त्यामुळे वेग व अचूकता यांतली निवड इंग्रजीपेक्षा येथे अधिक कठीण आहे. क्रियापदाच्या अनेक रूपांतून बोलणाऱ्याचे लिंग व्यक्त होते, आणि दुसऱ्याला संबोधताना ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे वय, नाते आणि प्रसंग पाहून ठरते. सासऱ्यांच्या बोलण्याचे उत्तर सुचवताना यंत्राने चुकीचे सर्वनाम निवडले तर ती तांत्रिक चूक म्हणून माफ होत नाही. अनुस्वार, रफार आणि मात्रा ओळीच्या वर तर उकार खाली येत असल्याने देवनागरीला लहान पडद्यावर ओळींमध्ये अधिक जागा लागते, आणि शहरांतले रोजचे बोलणे मराठी, हिंदी व इंग्रजी शब्दांच्या मिश्रणातून चालत असल्याने आवाज ओळखणाऱ्या प्रणालीला एकाच वाक्यात भाषा बदलण्याची तयारी ठेवावी लागते. हे प्रश्न मराठी समाजात काम करणाऱ्या रचनाकारांनीच हाती घेतले पाहिजेत, कारण कोणती चूक क्षम्य आणि कोणती अपमानास्पद, हे त्या समाजातल्या माणसालाच कळते.

ग्रंथाची मांडणी या विवेचनाच्या क्रमानेच केलेली आहे. पहिल्या भागात साधनांचा इतिहास आणि त्यामागील कल्पना, दुसऱ्या भागात संभाषणाचे आणि अवधानाचे शास्त्र, तिसऱ्या भागात डोळा, कान व त्वचा या मार्गांसाठीच्या रचनापद्धती, आणि चौथ्या भागात संमती, कायदा व मूल्यमापन यांची चर्चा आहे. मूल्यमापनाच्या प्रकरणाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी अपेक्षा आहे, कारण तेथे साधन घालणाऱ्याइतकेच महत्त्व समोर बसलेल्याच्या अनुभवाला दिले आहे. त्याला आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटले का, संभाषणात अनपेक्षित थांबे आले का, साधन काय करत होते हे त्याला कळले होते का, आणि कळल्यावरही तो पुन्हा तसाच मोकळेपणाने बोलायला तयार आहे का, हे प्रश्न प्रत्येक चाचणीत दोघांनाही स्वतंत्रपणे विचारले जावेत. विद्यार्थी, रचनाकार, डॉक्टर, शिक्षक आणि श्रवणदोष असलेल्यांसोबत काम करणारे कार्यकर्ते यांनी आपापल्या क्षेत्रात या कसोट्या लावून पाहाव्यात, आणि धारण करणारा जे साधन समोरच्याला उघडपणे समजावून सांगू शकत नाही, ते कितीही उपयुक्त असले तरी अपूर्ण समजून पुन्हा रचनेच्या मेजावर न्यावे, हीच या ग्रंथाची भूमिका आहे.